5 स्टारचा 1 स्टार केलाय, पायरी चढायच्या आधी वाचा

नोव्हेंबर 2024 मध्ये याच जागी एक रिव्ह्यू होता, 5 स्टार, "एकदम जेन्युइन लोक, काम वेळेत, आमच्या भावाला थायलंडला जॉब लागला, मॅडमचा स्वभाव छान, डोळे झाकून जा". खाली फोटो पण, पोरगं तिकिटाची प्रिंट हातात धरून हसतंय. तो रिव्ह्यू माझाच. पोरगं म्हणजे माझा मावसभाऊ, घरात त्याला बारक्या म्हणतात, इथं पण तेच म्हणतो. नवीन रिव्ह्यू टाकला असता तर जुने पाच स्टार तसेच राहिले असते म्हणून तोच एडिट करून लिहितोय. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या या ऑफिसचं नाव माझ्या हाताने लिहिणार नाही, केस चालू आहे आणि वकिलांनी तंबी दिलीय, आणि तसंही लिहून उपयोग काय, मी स्टार दिले तेव्हा बोर्डावर वेगळं नाव होतं, मधे एक झालं, आता हे तिसरं. बोर्ड बदलला, फर्निचर तेच, स्टार पण तेच. लिस्टिंगचं नाव बदललं तरी जुने रिव्ह्यू चिकटून राहतात हे मला माहीतच नव्हतं.

आता सर्व्हिस. खोटं कशाला बोलू, सर्व्हिस एक नंबर होती. आपल्याला सवय कशाची, तर साहेब जेवायला गेलेत, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. इथं आत गेलो की एसी, पाण्याची बाटली, चहा. मॅडम मावशीला "काकू" म्हणायच्या आणि उठून खुर्ची द्यायच्या. मावशीला आजवर कुठल्याच ऑफिसात कुणी उठून खुर्ची दिली नव्हती, तिथंच ती अर्धी विरघळली. भिंतीवर सात-आठ फ्रेमा, शॉप अॅक्टचं लायसन, उद्यमचं सर्टिफिकेट, आयएसओचा गोल शिक्का, एक कुठलातरी पुरस्कार घेतानाचा फोटो. मी स्वतः मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, माझ्या दुकानात पण शॉप अॅक्ट आणि उद्यम दोन्ही फ्रेम करून लावलेत, तरी मला कळलं नाही की या कागदावर मला चार्जर विकायची परवानगी आहे, माणसं परदेशी पाठवायची नाही. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे रिक्रूटिंग एजंट म्हणून वेगळी नोंदणी लागते, लाखांची बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि तो नोंदणी नंबर मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साईटवर कुणालाही फुकट तपासता येतो. पाच मिनिटांचं काम. मी त्या पाच मिनिटांत मॅडमच्या सायबाच्या मोबाईलचा फुटलेला स्क्रीन बघत बसलो होतो, म्हटलं ओळख होईल.

बारक्याचं सांगायचं तर बीकॉम, टायपिंग मराठी 30 इंग्रजी 40 दोन्ही पास, तीन वर्षं लिपिकाच्या भरतीचे फॉर्म भरतोय, कधी परीक्षा रद्द कधी कटऑफला दोन मार्क कमी. मॅडमनी बायोडाटा बघितला आणि म्हणाल्या इंग्रजी 40 आहे? मग काम झालंच समजा. जिल्ह्यात ज्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नव्हतं त्याला एकदम भाव आला. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू, जेमतेम पंधरा मिनिटं, समोरचा हिंदी बोलणारा, कॅमेरा बंद. टायपिंग टेस्ट घेतली, इंग्रजीत थोडी चॅटिंग करायला लावली, एखादी कस्टमर चिडली तर तिला गोड बोलून कसं शांत करशील वगैरे. पोराने मस्त उत्तरं दिली. बँकॉकला डेटा एंट्री आणि कस्टमर सपोर्ट, महिना 70 हजार, राहणं खाणं कंपनीचं.

पैसे घेतले 1 लाख 65 हजार, तीन हप्त्यात. थोडे कॅश, बाकी मॅडमच्या पर्सनल नंबरवर यूपीआय. मावशीने पाटल्या मोडल्या, उरलेले पतसंस्थेतून काढले, जामीन मी. त्यात 22 हजार व्हिसा फी होती. जुलै 2024 पासून भारतीयांना थायलंडला 60 दिवस व्हिसाच लागत नव्हता, म्हणजे जी गोष्ट फुकट होती तिचेच 22 हजार. आणि सरकारमान्य एजंटला सेवा शुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, 35,400 च्या वर एक रुपया नाही, हे पण नंतर कळलं. पावती मागितली तर लगेच दिली, छापील, शिक्क्यासकट. त्यावर लिहिलेलं "टूर पॅकेज". मी विचारलं पण, मॅडम हे टूर का लिहिलंय, तर म्हणाल्या दादा टॅक्ससाठी असतं ते. मी मान हलवली. दुकानात आपण पण कधी टॅक्ससाठी काय काय लिहितो, त्यामुळे ते पटलं सुद्धा.

निघायच्या आदल्या दिवशी तासभर क्लास घेतला, एअरपोर्टवर इमिग्रेशनवाल्याने विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं, हे हॉटेलचं बुकिंग, हे परतीचं तिकीट (परतीचं नंतर कॅन्सल केलं असणार), नोकरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. खरं तर एवढ्या एका वाक्यावर मी पोराला हाताला धरून खाली आणायला पाहिजे होतं. पण मी काय केलं, जिन्यात उभा राहून फोटो काढला आणि 5 स्टार दिले. पंधरा मिनिटांत खाली त्यांचं उत्तर आलं, थँक्यू सर, आम्ही प्रत्येकाला फॅमिली मेंबर समजतो. 14 जणांनी माझा रिव्ह्यू उपयोगी वाटला म्हणून बटण दाबलं.

पिकअप पण वेळेत. बँकॉकला उतरल्यावर त्याच्या फोटोची प्रिंट घेऊन ड्रायव्हर उभा. गाडीत बसल्यावर अर्ध्या तासात ऑफिस येईल असं सांगितलं आणि गाडी सात-आठ तास चालली. मधे दोनदा गाडी बदलली. बारक्याने मला लाईव्ह लोकेशन पाठवलं होतं, मी बघितलं, गावाचं नाव माए सोत, मला वाटलं असेल बँकॉकचं एखादं उपनगर, जसं आपलं बदलापूर. बँकॉकपासून जवळपास 500 किलोमीटर आहे ते. रात्री एका लॉजवर झोपवलं, पहाटे नदीवर नेलं, छोटी होडी, पाच मिनिटांत पलीकडे. मोई नदी. पलीकडे बंदूकवाले उभे होते आणि तो देश थायलंड नव्हता. म्यानमारचं म्यावाडी. पासपोर्ट होडीतून उतरल्या उतरल्या घेतला, फोन गेटवर.

पुढचे दोन महिने आम्हाला मेसेज येत होते. "सगळं मस्त आहे, काम जास्त आहे, रविवारी बोलतो." रविवार कधी आलाच नाही पण मेसेज यायचे. मावशीला वाचून दाखवायचो. शेजारी टीम लीडर उभा राहून ते लिहून घ्यायचा हे आता कळलंय. एकदा त्याने लिहिलं होतं मावशीच्या हातच्या मेथीच्या लाडवांची आठवण येते, आणि मावशीने आयुष्यात मेथीचे लाडू केले नाहीत, पोराला मेथीचा वाससुद्धा चालत नाही. मावशी म्हणाली, तिकडं जाऊन चव बदलली असंल. आता ते आठवलं की ती उठून आत जाते.

कळलं कसं, तर बातमीतून. जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात वांग शिंग नावाचा एक चिनी अॅक्टर शूटिंगचं काम आहे म्हणून बँकॉकला आला आणि गायब झाला, चीनमध्ये बोंबाबोंब झाली, 7 तारखेला सापडला, डोक्याचा चकोट केलेला. मी दुकानात बसून रील बघत होतो, बातमीत गावाचं नाव आलं, माए सोत. मी जुनं चॅट उघडलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि तिथून पुढे त्या दिवशी एकही मोबाईल दुरुस्त केला नाही.

मग वाचत सुटलो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्येच सांगून ठेवलंय की एकट्या म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात साधारण 1,00,000 माणसं असल्या आवारांत जबरदस्तीने ऑनलाईन फसवणूक करायला ठेवलेली असतील. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना तर सप्टेंबर 2022 ची, थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली पोरांना म्यानमारमध्ये नेतात म्हणून. जानेवारी 2022 ते मे 2024 मध्ये टुरिस्ट म्हणून कंबोडिया, थायलंड, म्यानमार, व्हिएतनामला गेलेल्यांपैकी 29,466 भारतीय परत आलेच नव्हते, असा इमिग्रेशनचा आकडा पेपरात छापून आला होता, त्यात महाराष्ट्राचे 3,233. सगळेच काय कोंडलेले नसतील, पण आकडा तेवढा. हे सगळं मी रिव्ह्यू लिहिला त्याच्या आधीच छापून आलेलं. माझ्याच मोबाईलमध्ये होतं, शोधलं नाही एवढंच.

ऑफिसला गेलो तर आफ्टर सेल्स सर्व्हिस बघायला मिळाली. मॅडम आता दादा म्हणेनात, सर म्हणायला लागल्या. पोरगं आळशी आहे, काम जमत नाही म्हणून रडतंय, एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट सही केलंय त्याने, मधेच सोडायचं तर कंपनीचा खर्च भरावा लागेल, 3 लाख. मी आवाज चढवला तर आतल्या केबिनमधून दोघं बाहेर आले, त्यातला एक फार शांतपणे म्हणाला, पोरगं तिकडं आहे हे लक्षात ठेवून बोला. चहा नाही विचारला. पोलीस स्टेशनला गेलो तिथं एकजण म्हणाला बँकॉकला गेलाय ना, मग येईल की मजा करून. दुसऱ्याने मात्र शांतपणे ऐकून घेतलं, राष्ट्रीय सायबर क्राईमच्या साईटवर तक्रार टाकायला लावली, यांगूनच्या आणि बँकॉकच्या भारतीय दूतावासाला ईमेल करायला सांगितला, पासपोर्टची कॉपी, लाईव्ह लोकेशनचा स्क्रीनशॉट, पावती, यूपीआयचे पुरावे सगळं एकत्र जोडून. कुणाचं माणूस अडकलं असेल तर हेच करा, आणि पोरगं तिथं आहे तोवर एजंटला शिव्या देऊ नका, ते पोराला भोगावं लागतं.

आत काय चालतं ते बारक्या एकदाच बोलला, सलग तीन तास, मग परत नाही. उंच भिंती, तारा, बाहेर तिथल्याच एका हत्यारबंद गटाचा पहारा. आत दुकान, सलून, कॅन्टीन, हॉस्टेलसारख्या खोल्या, एकीत आठ जण. मालकाला लाओबान म्हणायचं. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे काम, म्हणजे रात्रभर, पंधरा-सोळा तास. समोर दहा फोन, दहा बायकांची प्रोफाईल, सगळे फोटो कुणा परक्या मॉडेलचे. अमेरिकेत राहणारे भारतीय शोधायचे, त्यात पण एकटे, घटस्फोटवाले, बायको वारलेले. पहिले पंधरा दिवस पैशाचा विषय काढायचा नाही, फक्त जेवलात का, झोपलात का. मग हळूच क्रिप्टोचं अॅप. अॅपवर नफा दिसतो, थोडा काढून पण देतात, मग माणूस सगळं घर त्यात ओततो. चिनीत याला डुक्कर कापणे असंच म्हणतात, आधी चारा घालून लठ्ठ करायचं. टार्गेट नाही झालं की दंड, दंड वाढला की उन्हात उठाबशा, शेकड्याने, नाहीतर अंधाऱ्या खोलीत. शॉक देतात. बारक्याच्या मांडीवर दोन डाग आहेत, आम्ही विचारत नाही. आणि एकदा त्याला विकला पण, या कंपनीने त्या कंपनीला, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा "खर्च" आणखी वाढला.

त्याचं इंग्रजी टायपिंग चांगलं म्हणून त्याला जास्त फोन दिलेले. क्लासमधल्या बाईंनी एबीसी बघून टाईप करायची सवय मोडून काढली होती, न बघता टाईप करतो तो, तेवढ्यासाठी तिकडं कौतुक व्हायचं. एक रिटायर्ड इंजिनिअर होते म्हणे, बायको वारलेली, ते रोज याला विचारायचे, बेटा आज खाना खाया? म्हणजे त्या खोट्या बाईला विचारायचे. याने एकदा भूक लागलीय असं खरं टाईप केलं. त्यांनी पैसे पाठवायची तयारी दाखवली जेवणासाठी. पुढं काय झालं ते त्याने सांगितलं नाही. गावात आता एक-दोघं म्हणतात, हाच लुटत होता की लोकांना. त्यांना काय बोलायचं, त्यांच्या पाठीमागे कुणी शॉकचं मशीन घेऊन उभं राहिलेलं नाही, आणि बारक्याला ते वाक्य ऐकवायची गरजच नाही, ते तो रोज रात्री स्वतःला ऐकवतोच.

सुटला तो थायलंडमुळे आणि चीनच्या दबावामुळे. 5 फेब्रुवारी 2025 ला थायलंडने सीमेपलीकडची वीज, डिझेल, इंटरनेट तोडलं. बारक्या म्हणतो लाईट गेली तेव्हा सगळी पोरं अंधारात हसली, वीस मिनिटांत जनरेटर सुरू झाला. पण दोन-तीन आठवड्यांत तिथल्या गटांनी पोरं बाहेर काढायला सुरुवात केली, सात हजारांच्या आसपास माणसं निघाली, मग त्यांना ठेवायला जागा नाही, संडासला रांगा. शेवटी वायुसेनेच्या विमानाने माए सोतहून आणले, 10 मार्चला 283 आणि लगेच दुसऱ्या खेपेत 266. बारक्या दुसऱ्या खेपेत. चौकशी, जबाब, मग राज्याचे पोलीस, मग घर. वजन 11 किलो कमी. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून 60 पेक्षा जास्त लोकांना सोडवलं आणि 5 जणांना पकडलं, त्या बातमीनंतर आमच्या तक्रारीला पण जरा जोर आला, गुन्हा नोंदवला. एकजण आत गेला, आता जामिनावर बाहेर. मॅडम कुठंयत माहीत नाही, पण ऑफिस उघडं आहे, काचेवर आता युरोप वर्क परमिट लिहिलंय.

मग तुम्ही म्हणाल पोरगं मार्चमध्ये आलं तर रिव्ह्यू आत्ता का बदलतोस. बरोबर आहे. आधी भीती होती, मग वकील नको म्हणाले, आणि खरं सांगायचं तर हे पान उघडायलाच नको वाटायचं. त्याला कारण आहे.

डिसेंबर 2024 मध्ये मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता. बाजूच्या जिल्ह्यातले एक काका, शेतकरी, बोलायला एकदम मऊ. माझ्या प्रोफाईलवर दुकानाचा नंबर आहे तिथून शोधलेला. म्हणाले तुमचा रिव्ह्यू वाचला, आमच्या पोराचं पण तिथंच ठरतंय, तुमचा भाऊ कसाय तिकडं? मी म्हटलं मजेत आहे काका, कालच मेसेज आला, मेथीच्या लाडवांची आठवण काढत होता. आम्ही दोघं हसलो. बातमी बघितली त्या रात्री मी त्यांना फोन लावला, पाठवू नका म्हणून सांगायला. ते म्हणाले, अहो तो कालच पोचला की, नदीचा फोटो पाठवलाय, लई छान जागा आहे.

त्यांचं पोरगं मार्चमधल्या विमानात नव्हतं. त्याला आतल्या आत केके पार्कला हलवलेलं, म्यावाडीजवळचंच असलं एक मोठं आवार. ऑक्टोबरमध्ये म्यानमारच्या लष्कराने तिथं धाड टाकली, पंधराशेवर माणसं नदी पार करून माए सोतला पळाली, त्यात भारतीय पाचशेच्या घरात, आणि सरकारने 6 नोव्हेंबरला 270, 10 नोव्हेंबरला 197 परत आणले. तो 10 तारखेच्या यादीत होता. दहा महिने. काकांनी मला फोन करून सांगितलं, पोरगं आलं म्हणून, आणि वर विचारलं, तुमचा भाऊ आता जेवतो का नीट. मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर मी शटर खाली ओढलं, दुपारी तीन वाजता.

तर 1 स्टार, कारण शून्य देता येत नाही. माझा फोटो मी डिलीट केलाय, पण त्यांनी तोच उचलून त्यांच्या बाजूने "आमचे समाधानी उमेदवार" म्हणून परत टाकलाय, तो मला काढता येत नाही, तीनदा रिपोर्ट केला. निळा चेक्सचा शर्ट, डाव्या हातात तिकिटाची प्रिंट, मागे जिन्याचा कठडा. फोटोंमध्ये पाचव्या-सहाव्या नंबरला दिसेल. तुम्ही पण रिपोर्ट करा, मावशीला आता मोबाईल वापरता येतो.